संकेतस्थळाचे दार कोण बंद करते?

समजा, विश्रामबागेतल्या एका अपार्टमेंटमध्ये चाळीस बिऱ्हाडे राहतात. त्यांपैकी एका बिऱ्हाडाची पत्रे अडवावीत, असा सरकारी हुकूम पोस्टमनच्या हाती पडला. पोस्टमनने काय करावे? त्या बिऱ्हाडाची पत्रे बाजूला काढावीत आणि उरलेल्या एकोणचाळीस घरांची नेहमीप्रमाणे वाटावीत. पण या पोस्टमनने अपार्टमेंटच्या फाटकालाच कुलूप ठोकले आणि तो सायकलवर बसून निघून गेला!

पोस्टमन कल्पनेतला आहे, पण जुलै २००६ मध्ये आपल्या देशात जवळजवळ असेच घडले. ११ जुलै रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर दोनच दिवसांनी केंद्राच्या दूरसंचार विभागाने इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांना एक यादी धाडली. यादीत वीसाहूनही कमी पत्ते होते आणि त्यांतील काही निरनिराळ्या लोकांच्या ब्लॉगचे होते. कंपन्यांनी तेवढेच ब्लॉग बंद करायचे होते. पण अनेक कंपन्यांनी ‘ब्लॉगस्पॉट’ आणि ‘जिओसिटीज’ ही अख्खी संकेतस्थळेच बंद करून टाकली. तेथे हजारो लोकांचे लेखन होते. कोणी कविता लिहीत होते, कोणी स्वयंपाकाच्या कृती देत होते. स्फोटांनंतर आप्तांचा शोध घेणाऱ्यांना मदत मिळावी म्हणून मुंबईकरांनी चालवलेला ब्लॉगही ब्लॉगस्पॉटवरच होता. ज्या शहराला त्या दिवसांत माहितीची सर्वांत जास्त गरज होती, तेथेच ती अडली. पुढे दूरसंचार विभागाने कंपन्यांना बजावले, की सांगितलेली पाने तेवढीच बंद ठेवा. मग बाकीची दारे उघडली.

हे असे का झाले? कंपन्यांना वाचता येत नव्हते, असे तर नाही! याचे उत्तर शोधण्यासाठी पत्रासारखाच इंटरनेटचा प्रवास पाहू.

तुम्ही विश्रामबागेतल्या तुमच्या घरी संगणकावर एखाद्या संकेतस्थळाचे नाव लिहिता. संगणकांना मात्र नावे कळत नाहीत, त्यांना आकडे लागतात. म्हणून तुमचा संगणक प्रथम सेवा देणाऱ्या कंपनीकडे विचारणा करतो, की या नावाचा क्रमांक काय? कंपनीजवळ त्यासाठी टेलिफोन डिरेक्टरीसारखी एक वही असते. तिला डीएनएस म्हणतात. क्रमांक मिळाला, की तुमची मागणी लहान लहान पुडक्यांतून निघते. कंपनीच्या तारांवरून ती मोठ्या शहराकडे जाते आणि गरज पडल्यास वर्सोव्यासारख्या ठिकाणाहून समुद्राखालच्या केबलने परदेशी पोहोचते. सारा मार्ग क्षणार्धात पार पडतो. पण तुमच्या घरातून निघालेले प्रत्येक पुडके आधी त्या एका कंपनीच्या दारातूनच जाते, हे लक्षात ठेवा.

१९४२ च्या लढ्यात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून गुप्त रेडिओ चालवला होता. आकाशातल्या लहरींना दार नसते. म्हणून तो बंद करण्यासाठी पोलिसांना प्रक्षेपकच हुडकावा लागला. त्याची जागा वारंवार बदलली जाई आणि पोलिसांना त्यासाठी नोव्हेंबरपर्यंत थांबावे लागले. संकेतस्थळाचा संगणक परदेशात असला, तरी सरकारला तेथवर जावे लागत नाही. वाटेवरच्या दारवानाला सांगितले की झाले. १९९९ मध्ये कारगिलच्या युद्धाच्या वेळी पाकिस्तानी ‘डॉन’ या वृत्तपत्राचे संकेतस्थळ विदेश संचार निगमने असेच अडवले होते. (हुशार वाचकांनी आडवाटा शोधल्या, ही गोष्ट निराळी!)

आता दारवान अडवतो कसा? एक रीत म्हणजे वहीत खोटा क्रमांक लिहिणे किंवा नावच खोडून टाकणे. दुसरी रीत म्हणजे त्या क्रमांकाकडे जाणारी पुडकीच टाकून देणे. ही रीत फार आडमुठी आहे, कारण एकाच क्रमांकावर शेकडो संकेतस्थळे नांदत असतात. आपल्या अपार्टमेंटच्या फाटकाचे कुलूप ते हेच. तिसरी रीत पुडक्यात डोकावून पाहण्याची. पूर्वी पुडकी पोस्टकार्डासारखी उघडी असत. कोणते पान मागितले आहे, ते वाटेत वाचता येई, म्हणून योग्य यंत्रे असतील तर नेमके तेवढेच पान अडवणे शक्य होते. आता बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएस वापरतात, म्हणजे पोस्टकार्डाच्या जागी बंद पाकीट आले. त्यामुळे बँकेचा व्यवहार सुरक्षित झाला, ही मोठीच सोय. पण दारवानाला आता पाकिटावर बहुधा केवळ संकेतस्थळाचे नाव दिसते, आतले पान दिसत नाही. हुकूम एका पानाचा असला, तरी तो एक तर सारे संकेतस्थळ अडवू शकतो, नाही तर काहीच नाही.

तंत्राइतकाच भीतीचाही यात वाटा आहे, असे मला वाटते. २००६ मध्ये कंपन्यांचा परवाना दूरसंचार विभागाच्याच हाती होता. पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६९-अ आले आणि २००९ मध्ये त्याचे नियम झाले. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था अशा ठरावीक कारणांसाठीच केंद्र सरकार मजकूर बंद करू शकते आणि तो प्रश्न एका समितीपुढे जातो. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये हे कलम वैध ठरवले. हुकूम न पाळणाऱ्या कंपनीच्या माणसांना सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जास्तीचे काही बंद केले, तर मात्र या कलमात शिक्षा नाही. तुम्ही दारवान असता तर काय केले असते?

शिवाय नियमांनुसार ही कार्यवाही गुप्त ठेवायची असते. मग दार कोणी आणि का बंद केले, हे वाचकाला कळत नाही, आणि कधी कधी संकेतस्थळाच्या मालकालाही नाही. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाच्या तक्रारीवरून आणि तेथील न्यायालयाच्या आदेशानुसार ३२ संकेतस्थळे बंद झाली. त्यांत चित्रफिती ठेवण्याचे ‘व्हिमिओ’ होते, तसेच संगणकतज्ज्ञ एकमेकांना आज्ञावली दाखवतात ते ‘गिटहब’चे एक दालनही होते. काही पानांसाठी सगळे अपार्टमेंट! बराच गाजावाजा झाल्यावर त्यांतली काही पुन्हा खुली झाली.

जुलै २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याच्या उलट घडले. ‘ढिशूम’ या चित्रपटाच्या चोरट्या प्रती रोखण्यासाठी निर्मात्यांना संकेतस्थळे बंद करून हवी होती. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सरसकट बंदी देण्यास नकार दिला. एकेक दुवा तपासून आणा, असे त्यांनी सांगितले, आणि तपासलेल्या दुव्यांपुरताच आदेश दिला. बंद पानावर आदेशाची माहिती दिसली पाहिजे, म्हणजे ज्याचे नुकसान झाले त्याला न्यायालयात येता येईल, असेही त्यांनी घातले. फाटकावर कुलूप लावणाऱ्याने आपले नाव-गाव आणि हुकमाचा क्रमांक लिहून ठेवावा, तसे हे झाले.

शिक्षकांच्या मदतीने वर्गात एक खेळ करून पाहा. तीस पाकिटे घ्या. दहांवर ‘वाचनालय’, दहांवर ‘खेळघर’ आणि दहांवर ‘चित्रशाळा’ असे लिहा. आत चिठ्ठ्या घालून पाकिटे चिकटवा. ‘चित्रशाळा’च्या एकाच पाकिटातील चिठ्ठीवर ‘पान ७’ लिहा. एकाला पोस्टमन करा आणि त्याला हुकूम द्या, की पान ७ पोहोचता कामा नये. पाकीट फोडायचे नाही. ते पान पोहोचले तर त्याला पन्नास उठाबशा, बाकीची कितीही अडवली तरी माफ. किती पाकिटे पोहोचली, ते फळ्यावर लिहा. मग उठाबशांची अट काढून खेळ पुन्हा खेळा, आणि पहिल्या आकड्याशेजारी दुसरा लिहा.