लांबच्या प्रवासाला विमान कसे निवडावे?

शाळेतला पृथ्वीगोल घ्या. त्यावर मुंबई आणि न्यूयॉर्क ही दोन शहरे शोधा आणि त्यांच्यामध्ये एक दोरा घट्ट ताणून धरा. भिंतीवरच्या नकाशात या दोन शहरांना जोडणारी सरळ रेषा अरबस्तान, आफ्रिकेचा उत्तर भाग आणि अटलांटिक महासागर यांवरून जाते. विमानही त्याच वाटेने जात असेल, असे आपल्याला वाटते. पण दोरा काही वेगळेच सांगतो. तो मुंबईहून वायव्येला निघतो, पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि तुर्कमेनिस्तान ओलांडतो, मॉस्कोजवळून जातो, पुढे फिनलंड, स्वीडन, आइसलंड असे करीत ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशी पोहोचतो आणि मग कॅनडावरून न्यूयॉर्कला उतरतो. गोलावरील दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग हाच. अशा मार्गाला बृहद्‌वृत्त म्हणतात. त्याची लांबी सुमारे १२,५०० किलोमीटर भरते.

आता असे समजा, की तुमचा मामा न्यूयॉर्कशेजारी न्यू जर्सीत नोकरीला आहे आणि सुट्टीत सारे घर त्याच्याकडे निघाले आहे. आई, बाबा, तुम्ही, आठ महिन्यांचा धाकटा भाऊ आणि बहात्तर वर्षांची आजी. आजीला दोन जिने चढले की धाप लागते. घरात चर्चा चालते ती एकाच गोष्टीची, कोणत्या कंपनीचे तिकीट स्वस्त आहे याची. भाड्याचा विचार करायलाच हवा. पण पंधरा-सोळा तास जमिनीपासून अकरा किलोमीटर उंचीवर काढायचे, तर आणखीही काही प्रश्न विचारले पाहिजेत. त्यांची उत्तरे तुमच्या भूगोलाच्या आणि विज्ञानाच्या पुस्तकांतच आहेत.

थेट जावे की थांबत?

पहिला प्रश्न मार्गाचा. मुंबईहून लंडन आणि तेथून न्यूयॉर्क असे गेले, तर एकूण अंतर सुमारे १२,७५० किलोमीटर होते. दुबईमार्गे ते सुमारे १२,९५० किलोमीटर होते. म्हणजे थेट मार्गापेक्षा जेमतेम दोनशे ते साडेचारशे किलोमीटर अधिक. एवढे अंतर विमान अर्ध्या तासात कापते. उलट कोणी सिंगापूरमार्गे स्वस्त तिकीट देऊ लागला, तर दोऱ्याने मोजून पाहा. अंतर १९,००० किलोमीटरांच्या पुढे जाईल! तिकीट घेण्यापूर्वी पृथ्वीगोलावर दोरा ताणावा, तो याचसाठी.

मग थांब्यामुळे वेळ का वाढतो? तो वाढतो विमानतळावर. उतरणे, तपासणी, दुसऱ्या विमानाची वाट पाहणे यांत तीन-चार तास सहज जातात. शिवाय पहिले विमान उशिरा पोहोचले, तर दुसरे चुकण्याची भीती असते. म्हणून दोन गोष्टी पाहाव्यात. एक, दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर आहेत का? तशी असली, तर दुसरे विमान चुकल्यावर पुढच्या विमानात जागा देण्याची जबाबदारी सर्वसाधारणपणे कंपनीवर येते. तिकिटे वेगवेगळी असली, तर ती आपल्यावर पडते. दोन, मधला वेळ पुरेसा आहे का? आजी आणि कडेवरचे बाळ घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला एक तास पुरत नाही.

थेट विमानालाही एक किंमत मोजावी लागते. लांब पल्ल्याच्या बोइंग ७८७-९ या विमानाच्या टाक्या पूर्ण भरल्या, तर त्यांत सुमारे १०० टन इंधन मावते. उड्डाणाच्या वेळी या विमानाचे वजन जास्तीत जास्त २५४ टन असू शकते. म्हणजे वजनाचा जवळजवळ दोन-पंचमांश भाग नुसत्या इंधनाचा! इंधन वाहून नेण्यासाठीच पुन्हा इंधन जाळावे लागते. त्यामुळे अतिलांब थेट उड्डाणात हाताशी फारसे काही शिल्लक राहत नाही, आणि वाट थोडी वाढली तरी हिशेब चुकतो. पाकिस्तानने २७ फेब्रुवारी ते १६ जुलै २०१९ या काळात आपले आकाश बंद ठेवले, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या काही थेट विमानांना व्हिएन्ना येथे इंधनासाठी उतरावे लागले. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांसाठी ते आकाश पुन्हा बंद झाले. बृहद्‌वृत्त भूमिती ठरवते, पण वाट मोकळी आहे की नाही ते राज्ये ठरवतात.

वाऱ्याचाही यात हात आहे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० नंतरच्या दशकात फुगे सोडून त्यांचा अभ्यास केला. अमेरिकेला जाताना हे वारे सामोरे येतात आणि परतताना पाठीशी असतात. म्हणून जाण्यापेक्षा येण्याचा प्रवास तास-दीड तासाने लवकर संपतो.

विमानातले ‘डोंगरमाथे’

दुसरा प्रश्न आजीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. विमान अकरा किलोमीटर उंचीवर असताना बाहेर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक-चतुर्थांशाहूनही कमी असतो. तेवढ्या विरळ हवेत माणूस जगू शकत नाही. म्हणून विमानात हवा दाबून भरतात. पण ती समुद्रसपाटीइतकी दाबत नाहीत. नियमानुसार आतला दाब ८,००० फूट, म्हणजे सुमारे २,४४० मीटर उंचीवर असतो त्याहून कमी होऊ द्यायचा नसतो. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे जुन्या पद्धतीच्या विमानात आजी कळसूबाईहून आठशे मीटर उंच अशा ‘डोंगरावर’ रात्रभर बसलेली असते!

हवेतले प्राणवायूचे प्रमाण सगळीकडे सुमारे २१ टक्केच असते, पण दाब उतरला की प्राणवायूचा दाबही उतरतो. समुद्रसपाटीला तो पाऱ्याच्या सुमारे १६० मिलिमीटर असतो, आणि ८,००० फुटांवर सुमारे ११८. निरोगी माणसाला हा फरक फारसा जाणवत नाही. फुप्फुसांचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्याला मात्र तो जाणवू शकतो. आजीला प्रवासापूर्वी डॉक्टरांकडे नेलेच पाहिजे, ते याच कारणासाठी. गरज असेल तर विमानात प्राणवायूची सोय करता येते, पण ती कंपनीला आधी कळवून.

मग दाब अधिक का ठेवत नाहीत? कारण आतला दाब विमानाच्या भिंतींना बाहेर ढकलत असतो. आत ८,००० फुटांचा दाब ठेवला, तरी भिंतीच्या दर चौरस मीटरवर सुमारे पाच टनांचा भार येतो. प्रत्येक उड्डाणात विमान फुगते आणि उतरल्यावर पुन्हा आवळते. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसाच धातूलाही शीण येतो. कॉमेट या पहिल्या प्रवासी जेट विमानाला १९५४ मध्ये भूमध्य समुद्रावर दोन भीषण अपघात झाले. इंग्लंडमध्ये फार्नबरो येथे कॉमेटचा सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवून त्यातला दाब पुन्हापुन्हा वाढवला आणि उतरवला, तेव्हा खिडकीच्या कोपऱ्याशी तडा गेलेला आढळला. आजच्या विमानांच्या खिडक्यांचे कोपरे गोलाकार असतात, ते उगीच नव्हे.

बोइंग ७८७ (प्रवासी सेवेत २०११) आणि एअरबस ए-३५० (प्रवासी सेवेत २०१५) यांचा सांगाडा मुख्यतः कार्बनच्या धाग्यांनी बळकट केलेल्या संमिश्र पदार्थाचा असतो. तो असा शीण अधिक सोसतो आणि गंजत नाही. त्यामुळे आत सुमारे ६,००० फुटांचा, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून थोड्याच उंचीवरचा दाब ठेवता येतो. तेथे प्राणवायूचा दाब सुमारे १२८ मिलिमीटर असतो. बाहेरची उणे पन्नास-पंचावन्न अंशांची हवा जवळजवळ कोरडी असते. ती तापवून आत घेतली, की विमानातली सापेक्ष आर्द्रता १० ते २० टक्क्यांवर येते आणि ओठ, डोळे, घसा कोरडे पडतात. संमिश्र सांगाड्याच्या विमानात ती थोडी अधिक ठेवता येते. म्हणून तिकीट काढताना कंपनीच्या नावाबरोबर विमानाची जातही विचारावी. उड्डाणाच्या माहितीत ती दिलेली असते.

पाय आणि कान

तिसरा प्रश्न जागेचा. एकाच जातीच्या विमानात निरनिराळ्या कंपन्या आसने निरनिराळ्या प्रकारे मांडतात. बोइंग ७७७ मध्ये कोणी एका रांगेत नऊ आसने बसवतात, तर कोणी दहा. विमान तेवढेच रुंद, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे चार सेंटिमीटर जागा कमी येते. शाळेच्या बाकावर तिघांऐवजी चौघे बसले की काय होते, ते तुम्हांला ठाऊक आहेच.

तासन्‌तास पाय न हलवता बसले, तर पोटऱ्यांच्या शिरांतले रक्त संथ होते आणि क्वचित त्यात गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात गेली, तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून लांब प्रवासात हा धोका सुमारे दुप्पट होतो. तरीही निरोगी माणसांत तो सहा हजारांत एक एवढाच आहे. लागोपाठ अनेक उड्डाणे केल्यानेही धोका वाढतो, तेव्हा वाटेत थांबलो म्हणजे झाले, असे नाही. उपाय चालण्याचा आहे. आजीला खिडकीची नव्हे, तर वाटेलगतची जागा द्यावी. दर तास-दोन तासांनी तिने उठावे, पाणी प्यावे, बसल्या बसल्या घोटे फिरवावेत.

बाळाचा प्रश्न कानांचा. विमान उतरू लागले की आतला दाब वाढतो. कानाच्या पडद्यामागची हवा घशाशी जोडणारी कंठकर्णनलिका गिळताना उघडते आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो. आपण जांभई देतो, गोळी चघळतो. बाळाला ते कळत नाही, म्हणून विमान खाली येताना त्याला दूध पाजावे. दोन विमाने म्हणजे हा त्रास दोनदा. अनेक विमानांत पुढच्या भिंतीला अडकवण्याचा छोटा पाळणा मिळतो. तो मोजकाच असतो, तेव्हा आधी मागून ठेवावा. बाळाच्या वजनाची मर्यादा कंपनीकडे विचारावी.

सुरक्षितता आणि झोप

‘कोणती कंपनी सुरक्षित?’ याचे उत्तर ऐकीव गोष्टींवरून देऊ नये. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटना २००३ पासून कंपन्यांच्या कामकाजाची सुरक्षा-तपासणी करते, आणि तीत उत्तीर्ण झालेल्या कंपन्यांची यादी सर्वांना पाहता येते. युरोपीय संघ २००६ पासून आपल्या आकाशात बंदी घातलेल्या कंपन्यांची यादी प्रसिद्ध करतो. या दोन्ही याद्या पाहाव्यात. बहुतेक अपघात उड्डाणाच्या किंवा उतरण्याच्या आसपास होतात. त्यामुळे धोका किलोमीटरांपेक्षा उड्डाणांच्या संख्येवर अधिक अवलंबून असतो. मात्र मुळात तो फारच थोडा असतो, हेही विसरू नये.

शेवटचा प्रश्न पोहोचण्याच्या वेळेचा. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. मनगटावरचे घड्याळ क्षणात बदलता येते, शरीरातले नाही. ते दिवसाला साधारण तासाभराने सरकते. या घड्याळाची पेशींमधली यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुपारी उशिरा पोहोचणारे विमान घेतले, तर थोडे उन्हात फिरून, जेवून, तेथल्या रात्री झोपता येते. पहाटे पोहोचले, तर सारा दिवस पेंगत काढावा लागतो.

मग निवड कोणती? थेट विमान संमिश्र सांगाड्याचे असेल, आजीला वाटेलगतची जागा मिळत असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर चार पैसे अधिक देऊनही ते घ्यावे. कारण बाळाचे कान एकदाच दुखतील आणि दुसरे विमान चुकण्याची धास्ती राहणार नाही. एवढा वेळ सलग बसणे आजीच्या गुडघ्यांना झेपत नसेल, तर दोऱ्याच्या जवळच्या एखाद्या शहरात तीन-चार तास थांबणारे, एकाच तिकिटावरचे विमान बरे. सर्वांसाठी एकच उत्तर नाही. पण आता घरात तिकिटाची चर्चा निघाली, तर भाड्याच्या आकड्याशेजारी आणखी चार आकडे तुम्हांला मांडता येतील: अंतर, दाब, आसनांची रुंदी आणि पोहोचण्याची वेळ.

करून पाहा

१. पृथ्वीगोलावर दोऱ्याने मुंबई–टोकियो आणि मुंबई–सॅन फ्रान्सिस्को हे मार्ग मोजा. विषुववृत्ताची लांबी ४०,०७५ किलोमीटर धरून दोऱ्याचे प्रमाण काढा.

२. सहलीला महाबळेश्वरला गेलात, तर प्लॅस्टिकची पातळ, रिकामी बाटली तेथे झाकण घट्ट लावून बंद करा आणि घाट उतरून घरी आणा. ती चेपलेली दिसेल. तसे का झाले, ते वर्गात सांगा. विमान उतरताना बाळ का रडते, याचे उत्तरही त्या बाटलीतच आहे.