न पारखता माल पुढे पाठवू नका

कापडाचा तागा आपण दोन बोटांत चोळून पाहतो, पन्हा मोजतो, रंग जातो का ते तपासतो, मगच भाव बोलतो. मोबाईलवर आलेली बातमी मात्र न पारखता दहा जणांना पाठवतो. या खोट्या मालाचा तोटा कोणाला बसतो, याचा विचार व्यापारी बांधवांनी करावा.

१ जुलै २०१८, रविवार. आपला वाशीम जिल्हा त्या दिवशी वीस वर्षांचा झाला. त्याच दिवशी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाड्याला आठवडी बाजार होता. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली होती. त्या संशयाने जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले. त्यांचा कसूर एवढाच, की ते गावाला अनोळखी होते.

आम्हाला त्यांच्या जागी आपले फेरीवाले दिसतात. कारंजा, मंगरूळपीर, रिसोडहून कापडाचे गाठोडे किंवा भांडी घेऊन निघालेला माणूस परक्या गावात अनोळखीच असतो. त्याची रोजी गावाच्या भरवशावर चालते. अफवा आधी तो भरवसाच खाऊन टाकते.

त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशासाठी ती एकावर आणली. म्हणजे लगाम कंपनीच्या हातात होता, पण तो माणसे मेल्यावर ओढला गेला. फेसबुक, यूट्यूबची कमाई जाहिरातींवर चालते. आपण जितका वेळ पडद्याला चिकटून राहू तितका त्यांचा गल्ला भरतो आणि भीती व राग माणसाला चिकटवून ठेवतात.

मताचेही तेच. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत या कंपन्यांनी स्वेच्छेने आचारसंहिता मान्य केली. मतदानापूर्वीच्या ४८ तासांत आयोगाने कळवलेल्या कायदेभंगाच्या मजकुरावर तीन तासांत कारवाई करू, असे म्हटले. पण अफवेला गावभर फिरायला तीन तास पुष्कळ होतात.

मोबाईल सोडा, असे आम्ही म्हणत नाही. आमच्याही ऑर्डरी त्यावरच येतात. दुकानाच्या ग्रुपवर मालाचेच बोलावे. बातमी आली तर कुठली, कधीची, कोणी पाहिली, हे विचारावे. खात्री नसेल तर पोलीस ठाण्यात चौकशी करावी आणि तोवर ती आपल्यापाशीच थांबवावी. फाटका तागा आपण गिऱ्हाईकाला देत नाही, मग फाटकी बातमी शेजाऱ्याला का द्यावी?