परदेशी पाईप, टपालाचे खोके आणि विषाणूचे भय

6 एप्रिल 2020 रोजी कुवेत सरकारने जलीब अल शुयूख आणि महबूला या दोन वस्त्यांची नाकेबंदी केली. त्याआधीच, 13 मार्चपासून, प्रवासी विमाने थांबली होती. मालवाहतूक मात्र पूर्णपणे बंद झाली नव्हती, आणि घरी अडकलेल्या माणसाला दूरच्या दुकानातून वस्तू मागवणे हाच एक विरंगुळा उरला होता. त्या काळात धूम्रपानाच्या शौकिनांना भेडसावणारा एक प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो: इटलीहून मागवलेला पाईप घेणे सुरक्षित आहे काय? इटलीच्या लोम्बार्दीमध्ये, कोदोन्यो या गावी, 21 फेब्रुवारीस साथीचा उद्रेक उघडकीस आला होता. मिलानमधील साविनेल्ली आणि कांतू येथील कास्तेल्लो ही पाईपविश्वातील दोन मान्यवर नावे त्याच प्रांतातली. जी वस्तू थेट ओठांत धरायची, तीच साथीच्या उगमाजवळून यावी, म्हणजे शंका येणे साहजिकच.

या शंकेला खतपाणी मिळाले ते एका शास्त्रीय निबंधामुळे. मार्च 2020 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हा विषाणू प्लास्टिकवर आणि पोलादावर 72 तासांपर्यंत, पुठ्ठ्यावर 24 तासांपर्यंत आणि तांब्यावर अवघे चार तास तग धरतो असे आढळले. वृत्तपत्रांनी ‘तीन दिवस’ हा आकडा उचलला. त्याच प्रयोगातील दुसरी बाब मागे पडली: प्लास्टिकवरदेखील त्या 72 तासांत जिवंत विषाणूंचे प्रमाण सुमारे हजारपटीने घटले होते. शिवाय प्रयोगशाळेत मुद्दाम भरपूर विषाणू पृष्ठभागावर सोडले जातात. कोणा कारागिराच्या हातून खोक्यावर लागलेला अंश त्या मानाने नगण्य असतो. हाँगकाँगच्या संशोधकांना तर लाकडावर दुसऱ्या दिवशी संसर्गक्षम विषाणू सापडलाच नाही.

पाईपची वाटी बहुधा ब्रायर नावाच्या झुडपाच्या मुळाशी वाढणाऱ्या गाठीपासून कोरलेली असते, म्हणजे ती लाकूडच. तोंडात धरायची मुखनलिका तेवढी कठीण रबराची किंवा ॲक्रिलिकची. युरोपातून कुवेतपर्यंत पार्सल पोहोचायला लागणारे दिवस, गोदामातील वास्तव्य आणि आखाती उन्हाळा हे सारे जमेस धरले, तर तीन दिवसांची ती कमाल मर्यादा वाटेतच ओलांडली जाते. विषाणू सजीव पेशीबाहेर वाढत नाही, तो केवळ क्षीण होत जातो. अन्नावरचे जिवाणू आणि वस्तूंवरचा विषाणू यांत आपण गल्लत करतो ती इथेच.

पुढे हे अधिक स्पष्ट होत गेले. जुलै 2020 मध्ये इमॅन्युएल गोल्डमन या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने ‘लॅन्सेट’च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात वस्तूंद्वारे होणाऱ्या प्रसाराचे भय अतिरंजित असल्याचे मांडले. एप्रिल 2021 मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून संसर्ग होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी असल्याचे सांगितले. चीनच्या छिंगताव बंदरात ऑक्टोबर 2020 मध्ये आयात माशांच्या वेष्टनावर जिवंत विषाणू मिळाला होता हे खरे. परंतु तो माल गोठवलेला होता, आणि थंडी विषाणूला जपते. पाईप कोणी बर्फात घालून पाठवत नाही.

वस्तूंना दोषी ठरवण्याची प्रवृत्ती मराठी माणसाला नवी नाही. 1897 च्या पुण्यातील प्लेगात घरोघरी झडत्या झाल्या, लोकांचे कपडेलत्ते आणि सामानसुमान जाळले गेले. त्यातून उसळलेला क्षोभ इतिहासात नोंदला आहे. पुढच्याच वर्षी पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने कराचीत प्रयोग करून दाखवले की, प्लेग एका उंदराकडून दुसऱ्याकडे नेतो तो पिसू. कपड्यांतून पिसू जाऊ शकते, तेव्हा त्या जाळपोळीत तथ्यांश अजिबात नव्हता असे म्हणता येणार नाही. पण रोगाचे मुख्य वाहन ओळखण्याआधीच हातात मिळेल ते पेटवले गेले.

जुन्या, वापरलेल्या पाईपांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांच्या मुखनलिकेत आधीच्या मालकाची लाळ आणि तंबाखूचा चिकट थर साचलेला असतो. तेथे प्रश्न करोनापेक्षा साध्या स्वच्छतेचा आहे, आणि तो साथ नसतानाही असतोच. नवा असो वा जुना, मुखनलिका वाटीपासून अलग करून कोमट पाणी व साबणाने धुवावी. विषाणूभोवतीचे स्निग्ध आवरण साबणाने विरघळते. कडकडीत पाणी टाळावे, त्याने रबर काळवंडते आणि वाकते. ॲक्रिलिकवर मद्यार्क चोळल्यास तडे जाऊ शकतात. वाटीत मद्यार्क वापरलाच, तर तो पूर्ण वाळेपर्यंत काडी लावू नये. हे सांगायची गरज पडू नये, पण हाताला निर्जंतुक द्रव चोळून लगेच आगपेटी उचलणारे लोक त्या वर्षी कमी नव्हते. खोके उघडून झाले की हात धुवावेत. एवढे पुरे.

खरा धोका होता तो आखातातल्या दुसऱ्या नळीत, शीशाच्या. आपल्याकडची गुडगुडी ती हीच. एक मुखनलिका चौघांच्या ओठांतून फिरते, लांब नळी आतून ओलसर राहते, आणि पाणी धुराला थंड करते, शुद्ध करत नाही. चिलमीचेही तेच. या मार्गाने क्षयरोग पसरू शकतो हे वैद्यकाला साथीआधीपासून ठाऊक होते. त्यात बंद दालनात तासन् तास जवळ बसून श्वास सोडणे आले. साथ येताच कुवेतसह अनेक आखाती देशांनी उपाहारगृहांतील शीशावर बंदी घातली ती उगाच नव्हे.

आणि तंबाखूचे काय? 11 मे 2020 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले की धूम्रपान करणाऱ्यांना हा आजार तीव्र होण्याची शक्यता अधिक असते. त्याच सुमारास फ्रान्समध्ये निकोटीन रक्षण करते असा तर्क पुढे आला होता आणि निकोटीनच्या पट्ट्यांच्या विक्रीवर मर्यादा घालावी लागली होती. तो तर्क पुढे टिकला नाही. पाईपचा धूर बरेच जण छातीत ओढत नाहीत, ही पळवाटही तोंडाच्या कर्करोगापुढे निरुपयोगी आहे.

जलीबकडे परत येऊ. विमानतळाजवळच्या या वस्तीत मुख्यतः भारत, बांगलादेश आणि इजिप्तमधून आलेले कामगार राहतात, आणि एकेका खोलीत अनेकांनी राहणे तेथे सर्रास आहे. खोलीत खाटेला खाट लागलेली, न्हाणीघर सामाईक. हा विषाणू मुख्यतः हवेतून आणि निकट सहवासातून पसरतो हे उमगल्यावर, साथीने ही वस्ती का गाठली याचे उत्तर कोणत्याही आयात मालात शोधावे लागत नाही. नाकेबंदीने त्या खोल्यांतील माणसांना तेथेच कोंडून ठेवले. पार्सल दोन दिवस दाराबाहेर ठेवण्याची चैन, स्वतंत्र दार असलेल्यालाच परवडत होती. जलीबची नाकेबंदी उठली ती 9 जुलैला, तीन महिन्यांनी.