फॉरमॅटच्या आदल्या दिवशी

सकाळी ७.३०
पामहून बोईसरकडे जाणाऱ्या रस्त्यावर या वेळी तारापूर एमआयडीसीत कामाला निघालेल्यांची गर्दी असते. मीही त्याच गर्दीत रिक्षा पकडते. माझं काम मात्र कारखान्यात नाही, बोईसरच्या एका डीटीपीच्या दुकानात आहे. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीच्या नोटिसा, पतपेढ्यांचे अहवाल, कारखान्यांचे सुरक्षा फलक, गावदेवीच्या उत्सवाची पत्रकं असं आमचं रोजचं काम. उद्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर नवी विंडोज चढणार आहे. म्हणून आज नवीन कामं कमी घेतली आहेत. आजचा दिवस फॉन्टसाठी.

सकाळी ८.३०
शटर वर करतेय तोच हार्डवेअरवाल्याचा फोन.
‘ताई, डेटा सगळा डीमध्येच आहे ना? मग उद्या सी उडवतो.’
फॉन्ट हरवतात ते असे. फाइली आपण डी ड्राइव्हवर ठेवतो, पण फॉन्ट बसलेले असतात सी ड्राइव्हवरच्या विंडोजच्या फोल्डरात. सी फॉरमॅट झाला की डीमधली प्रत्येक फाइल जागच्या जागी असते, आणि जुन्या फाइलींतली एकही वाचता येत नाही.
‘भाऊ, संध्याकाळी माझा फोन येईपर्यंत काही ठरवू नका,’ एवढंच त्याला सांगितलं.

सकाळी १०.००
पहिलं काम एका कारखान्याच्या फलकाचं. मजकूर त्यांनी मोबाइलवर टाइप करून पाठवलाय, म्हणजे युनिकोडमध्ये. त्यांच्याकडचा फॉन्ट आमच्याकडे नाही, तरी अडत नाही. अक्षराचं वळण बदलतं, पण ‘धोका’ हा ‘धोका’च राहतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक आहे. १९९१ साली आलेल्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला त्यात जागा मिळालेली आहे. मी मुक्त हा फॉन्ट लावला. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा हा फॉन्ट खुल्या परवान्याचा आहे, उद्या हरवला तरी पुन्हा उतरवून घेता येतो. तरीही आज वापरलेली प्रत कामाच्या फोल्डरात ठेवली. नव्या आवृत्तीत अक्षरांमधलं अंतर जरासं बदललं, तरी ओळी सरकू शकतात.

सकाळी ११.१५
शेजारच्या गावातले एक काका पेनड्राइव्ह घेऊन आले. उत्सव मंडळाच्या जुन्या स्मरणिकेची फाइल आहे. ज्या दुकानात ती केली, ते दुकान आता राहिलेलं नाही. काकांना तीच स्मरणिका नवी पानं घालून पुन्हा छापायची आहे.
‘काका, त्यांनी फॉन्ट दिला होता का?’
‘फॉन्ट वेगळा द्यावा लागतो होय?’
काकांनी हे विचारावं यात नवल नाही. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

फाइल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र खुणा. जुने मराठी फॉन्ट असेच चालतात. त्या फॉन्टमध्ये २५६ जागा, त्यांवर इंग्रजी अक्षरांऐवजी मराठी आकार बसवलेले. अर्धा क वेगळा, काना वेगळा, रफार वेगळा. कोणता आकार कुठल्या जागी बसवायचा हे प्रत्येक कंपनीनं आपापलं ठरवलं. सी-डॅकच्या योगेश-सुरेखची मांडणी एक, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीची दुसरी, शिवाजीची तिसरी. फाइलीत साठवलेले असतात ते फक्त जागांचे क्रमांक. त्यांचं मराठी करतो तो फॉन्ट. म्हणून जुना फॉन्ट गेला की नुसती शोभा जात नाही, मजकूरच जातो.

पेजमेकर हे पानं जुळवण्याचं सॉफ्टवेअर फाइल उघडतानाच कोणता फॉन्ट सापडला नाही त्याचं नाव सांगतो आणि बदली फॉन्ट सुचवतो. तिथे घाईनं कायमचा बदल निवडून फाइल सेव्ह केली, तर मूळ नावाचा मागही पुसला जातो. मी तात्पुरता बदल निवडला, नाव कागदावर लिहून घेतलं आणि फाइल सेव्ह न करता बंद केली. मग आमची नमुन्यांची फाइल काढली. दुकानातल्या प्रत्येक फॉन्टचा एक ए-फोर कागद तिच्यात आहे. अ पासून ज्ञ पर्यंतची अक्षरं, अंक, जोडाक्षरं, खाली फॉन्टच्या फाइलीचं नाव. काकांच्या हातातली छापील प्रत त्या कागदांशी ताडून पाहिली. फॉन्ट आमच्याकडे निघाला. तो बसवल्यावर पानावर मराठी उमटलं, काका एकेक नाव वाचू लागले.

दुपारी १.००
डबा खाऊन फॉन्ट गोळा करायला बसले. जुन्या कॉम्प्युटरवर सगळे विंडोजच्या फॉन्ट फोल्डरात आहेत. विंडोज १० असलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर दोन ठिकाणी शोधावं लागतं. एका वापरकर्त्यापुरता बसवलेला फॉन्ट त्याच्या ॲपडेटा या लपलेल्या फोल्डरात जातो. मुख्य फोल्डराची नक्कल केली तर तो मागेच राहतो.

टाइप वन जातीच्या फॉन्टच्या विंडोजवर दोन फाइली असतात, एकीत आकार, दुसरीत मापं. नुसत्या मापांच्या फाइलीचा काही उपयोग नाही. या जातीला अडोबीनं जानेवारी २०२३ पासून आपल्या सॉफ्टवेअरमधून आधार देणं थांबवलं. म्हणून त्या फाइली उघडू शकणारा आणखी एक जुना कॉम्प्युटर मी फॉरमॅटमधून वगळायला लावला आहे.

एकाच नावाचे दोन फॉन्ट सापडले तर एकावर दुसरा चढवत नाही. दोन्ही वेगळ्या फोल्डरात ठेवते आणि कोणतं काम कुठल्या प्रतीवर झालं ते लिहिते. फॉन्टबरोबर इन्स्टॉलेशनची सीडी, कीबोर्डचा तक्ता, परवान्याचं बिल आणि हार्डवेअर लॉक एकाच डब्यात जातात. लॉक लावल्याशिवाय फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर उघडतच नाही.

दुपारी ३.००
आता काकांच्या स्मरणिकेचं युनिकोड. विंडोज २००० पासून कॉम्प्युटरवर युनिकोड देवनागरी होती, र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल फॉन्ट त्यात होता. पण छपाईच्या धंद्याचा आधार असलेल्या पेजमेकरला युनिकोड देवनागरी कधीच जमली नाही. इनडिझाइन या नव्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय आली ती २०१२च्या सीएस ६ मध्ये. तोवर गावोगावचं मराठी जुन्याच फॉन्टमध्ये साठत गेलं.

जुन्या फॉन्टचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून मजकूर काढला तरी काम संपत नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर साठवलेला असतो, त्यांची जागा बदलताना गोंधळ होतो. ‘किनाऱ्यावर’, ‘सुऱ्या’, ‘मूर्ती’, ‘महालक्ष्मी’ हे शब्द मी मुद्दाम शोधून तपासते. ल आणि श यांचं मराठी वळण २००९च्या शासन निर्णयानं नक्की केलं आहे, तेही फॉन्टमध्ये नीट उमटतंय का पाहते. मग छापील प्रत शेजारी ठेवून नावं वाचते. शाळेला जागा कुणी दिली, विहीर कुणी बांधली, पहिल्या उत्सवाची वर्गणी कुणी गोळा केली, हे सगळं या पानांत आहे. आडनावातली एक वेलांटी चुकली तर एका घराची नोंद चुकते.

या किनारपट्टीवरच्या गावांत कारखाने आले, शेतं गेली, माणसं विखुरली. वाडवळी, मांगेली, वारली बोलींतली गाणी कुणी तरी हौसेनं लिहून छापून घेतली असतील, तर ती अशाच पुस्तिकांत. त्यांचा टाइप केलेला मजकूर कित्येकदा फक्त छापणाऱ्या दुकानाच्या डी ड्राइव्हवर असतो. तो जपण्याची जबाबदारी मग आमच्याकडेच येते.

संध्याकाळी ५.३०
स्मरणिकेच्या फोल्डरात चार गोष्टी ठेवल्या. मूळ फाइल, तिचा फॉन्ट, छपाईची पीडीएफ आणि युनिकोड मजकूर. एकट्या पीडीएफवर भिस्त ठेवता येत नाही. ती दिसते बरोबर, पण जुन्या फॉन्टच्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की पुन्हा त्याच खुणा हाती येतात. अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत बदलली तर फॉन्टची गरज संपते, पण दुरुस्तीचीही सोय संपते.

सगळ्या फॉन्टच्या तीन प्रती केल्या. एक दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक पामला घरी नेण्यासाठी. परवाना दुकानाचा आहे, तेव्हा या प्रती दुकानापुरत्याच.

संध्याकाळी ६.४५
प्रत घेतली एवढ्यावर थांबत नाही, ती उघडून पाहते. ज्या कॉम्प्युटरवर जुने फॉन्ट कधीच नव्हते, त्यावर हार्ड डिस्कमधून ते बसवले आणि वेगवेगळ्या वर्षांच्या फाइली उघडल्या. दोन फॉन्ट बसले नाहीत, नक्कल अर्धवट झाली होती. मूळ कॉम्प्युटर अजून शाबूत आहे, म्हणून ते पुन्हा घेता आले. हीच तपासणी उद्या केली असती तर उपाय उरला नसता.

संध्याकाळी ७.३०
हार्डवेअरवाल्याला फोन केला. ‘भाऊ, उद्या सकाळी या. सी उडवायला हरकत नाही.’

काकांना फोल्डरची एक प्रत देताना सांगितलं, फॉन्ट सोडून बाकी सगळं यात आहे, आणि फॉन्टचं नाव आत लिहिलंय. जे आपल्या मंडळाचं, शाळेचं, पतपेढीचं काही छापून घेतात, त्या सगळ्यांना माझं हेच सांगणं आहे. बिल चुकतं करताना छापील गठ्ठ्याबरोबर युनिकोड मजकूर, पीडीएफ आणि वापरलेल्या फॉन्टचं नाव मागून घ्या. जुनी फाइल घरात पडून असेल, तर ज्या दुकानानं ती केली ते चालू आहे तोवर त्याच्याकडे जा. दुकानदारांनी हे आपणहून द्यावं. त्याला एका पेनड्राइव्हपलीकडे खर्च नाही, आणि गावाचं लिहिलेलं गावाला वाचता येत राहील.