एका भागाकारात बल्बचं तापमान

'१०० वॉट, २३० व्होल्ट' असा शिक्का असलेला जुना, पिवळ्या उजेडाचा बल्ब होल्डरमधून काढून थंड होऊ द्या आणि मल्टिमीटरने त्याचा रोध मोजा. आकडा येईल चाळीस ओहमच्या आसपास.

आता कागदावर हिशेब मांडू. शक्ती (वॉट) म्हणजे दाब (व्होल्ट) गुणिले धारा; म्हणून शंभराला २३० ने भागलं की धारा मिळते, ०.४३ अँपिअर. रोध म्हणजे दाब भागिले धारा. २३० ला त्या धारेने भागलं तर येतात सुमारे ५३० ओहम! थंड बल्बाच्या तेरापट.

दोन्ही आकडे बरोबर आहेत. पेटलेल्या बल्बातली टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या घरात तापलेली असते. तिचे अणू इतके थरथरतात की इलेक्ट्रॉनना पुढे सरकणं अवघड होतं आणि रोध चढतो. म्हणजेच चढलेला रोध पाहून तारेचं तापमान सांगता येतं, काचेला बोटही न लावता! भट्ट्यांचं तापमान मोजणारं, कारखान्यांत 'पीटी-हंड्रेड' म्हणून ओळखलं जाणारं उपकरण याच तत्त्वावर चालतं. त्यातल्या प्लॅटिनमच्या तारेचा रोध शून्य अंशाला १०० ओहम असतो, तर शंभर अंशाला १३८.५. बल्ब बहुतेकदा बटण दाबताक्षणीच का उडतो, तेही इथेच उलगडतं. थंड तारेतून पहिल्या क्षणी पावणेसहा अँपिअरपर्यंत धारा धावू शकते.

दाब भागिले धारा हा भागाकार आपल्या हाती दिला तो जर्मनीतल्या कोलोनच्या एका शाळामास्तराने. गेओर्ग ओहम हा कुलपं बनवणाऱ्याचा मुलगा. त्या काळच्या बॅटऱ्यांचा दाब सारखा ढळायचा, म्हणून त्याने बिस्मथ आणि तांब्याचे सांधे जोडले. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात; तापमानाच्या या फरकातूनच दाब मिळतो. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय तोवर दाब स्थिर! मग वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून, चुंबकसुई किती वळते यावरून त्याने धारा मोजली. १८२७ साली त्याचं पुस्तक आलं. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोपली पदक दिलं ते १८४१ मध्ये.

दाब गुणिले धारा या गुणाकाराची करामत पाहायची तर चंद्रपूरहून पडघ्याला येणारी ७५२ किलोमीटरची वीजवाहिनी पाहा. तिची क्षमता १५०० मेगावॉट. एक तार अधिक पाच लाख व्होल्टवर, दुसरी उणे पाच लाखांवर. दोहोंत दहा लाखांचा फरक. भागाकार केला की धारा येते अवघी १५०० अँपिअर. तीच वीज २३० व्होल्टने आणायची म्हटलं तर ६५ लाख अँपिअर लागतील! तारेत वाया जाणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून दाब दुप्पट केला की तेवढीच वीज नेताना नुकसान चौथ्या हिश्शावर येतं.

घरातल्या गीझरवरचं लेबलही याच नजरेने वाचा. २००० वॉट भागिले २३० व्होल्ट म्हणजे ८.७ अँपिअर. सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटला हे झेपणारं नाही, म्हणून वायरमन त्याला सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट काढून देतो.