आधी चर, मग बी

रत्नागिरीजवळचं परस, मे महिन्याची अखेर

सकाळी ६
ऊन चढायच्या आत परसात एक फेरी. इथे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. तेव्हा परसबाग आखताना पहिला विचार पाणी घालवण्याचा. कौलांच्या पागोळ्या पडतात तिथून दोन हात जागा सोडून दोरी लावते. त्या धारेखाली कोवळं रोप टिकत नाही.

सकाळी ७
कुदळीने उताराला धरून चर खणायचे. निघालेली माती वाफ्यांवर चढवायची, वाफे वीतभर उंच करायचे. मुसळधार पाऊस मातीतला चुना धुऊन नेतो आणि माती आंबट होते, म्हणून शेणखताच्या जोडीला थोडी चुलीतली राख.

सकाळी ९
वेलांसाठी मांडव. पावसाळ्यात आधीच ढगाळ दिवस, त्यात माडाची सावली नको, म्हणून मोकळी जागा निवडली. पावसाळी वारा नैर्ऋत्येचा. त्याच्या माराने मांडव कलू नये म्हणून बांबूंना तिरके टेकू दिले.

सकाळी ११
शेजारच्या काकू राखेत जपलेलं पडवळाचं बी घेऊन आल्या. “टोमॅटो नाही का गं लावत?”
“आत्ता नको काकू. पानं सतत ओली राहिली की करपा पडतो. दिवाळीनंतर लावीन.”

दुपारी १
उन्हात बाहेर काम होत नाही. कागदावर दोन रकाने आखले. पावसाळ्यात पडवळ, दोडकी, कारली, काकडी, भेंडी. पाऊस ओसरल्यावर लाल माठ, मुळा, वांगी, मिरची, वाल. माठ आताच पेरला तर सरींनी झोडपून जमिनीला चिकटतो.

दुपारी ४
वेलांची आळी केली. कारल्याच्या बियांचं कवच टणक, म्हणून त्या रात्रीच भिजत घातल्या होत्या. प्रत्येक आळ्यात तीन-चार बिया. पुढे जोमाची दोन रोपं ठेवून बाकीची काढायची. पाऊस लागेपर्यंत हलकं पाणी द्यायचं, म्हणजे रोप चार पानांवर येऊन पहिल्या झोडीत तग धरतं. मोरीचं पाणी जातं तिथे अळूचे कंद.

संध्याकाळी ६
फळमाशीसाठी कामगंध सापळा फुलं लागली की टांगायचा; त्याची खुंटी आजच ठोकली. किडकी फळं पुरायला कोपऱ्यात खड्डाही खणून ठेवला.

शेवटी वरच्या अंगाला दोन बादल्या पाणी ओतून पाहिलं. भेंडीच्या वाफ्याजवळ ते थबकलं. तिथला चर आणखी चार बोटं खोल केला. भेंडी उद्या टोचायची.