फ्रेम अडकते कधी, ते आधी पाहा

मे महिन्यातला रविवार होता. इंदूरहून ताईकडे उज्जैनला गेलो. फ्रीगंजातून घेतलेला पोहे-जिलेबीचा पुडा टेबलावर ठेवला, पण भाच्यानं मान वर केली नाही. एरवी पहिली जिलेबी त्याची असते.

भाऊजी पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "त्याच्या कॉम्प्युटरची बैलगाडी झाली आहे. वीस मिनिटं बरा पळतो, मग अडखळतो. दुकानदार म्हणतो, ग्राफिक्स कार्ड गेलं, नवीन घ्या. वीस-बावीस हजार! मी म्हटलं, त्यापेक्षा हे गेमच बंद करा. दहावीचं वर्ष आहे."

आता हा गेम कोणता, ते सांगायला हवं. भाचा आणि पुण्यातला त्याचा चुलतभाऊ मिळून माइनक्राफ्टमध्ये घरचा जुना वाडा बांधताहेत. खरा वाडा काही वर्षांपूर्वी विकला गेला, पाडला गेला. तिथे आता दुकानं आहेत. दोघांनाही तो अर्धवटच आठवतो. म्हणून दर रविवारी संध्याकाळी आजी, म्हणजे ताईच्या सासूबाई, खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसतात आणि सांगतात, "चौकातून माडीवर जायला अकरा पायऱ्या होत्या रे, बारा नाही. आणि तुळस उजवीकडे." पुण्याचा नातू तिकडून पायरी काढतो, इकडचा तुळस हलवतो. नऊ वाजले की आजी झोपायला जातात. त्या दीड-दोन तासांतच चित्र अडकायला लागलं, तर त्या कंटाळून उठतात आणि त्या आठवड्याची खोली राहून जाते. आजी चौऱ्याऐंशीच्या आहेत. भाच्याचा चेहरा का पडला होता, ते आता लक्षात आलं असेल.

फ्रेम म्हणजे नेमकं काय?

गेममधलं हलतं चित्र म्हणजे भराभर बदलणारी स्थिर चित्रं. त्यातलं एक चित्र म्हणजे एक फ्रेम. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर प्रत्येक चित्र काढायला कॉम्प्युटरला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० फ्रेमना ३३.३. एखादी फ्रेम मध्येच १०० मिलिसेकंद खाऊन बसली, तर सहा चित्रांचा वेळ एकाच चित्रात गेला. डोळ्यांना तो झटका लगेच कळतो. गंमत म्हणजे त्या सेकंदाची सरासरी तरीही पन्नासच्या वर दिसते. म्हणून नुसत्या सरासरीवर जाऊ नका.

दुसरी एक गल्लत नेहमी होते. इंटरनेट संथ असणं वेगळं आणि फ्रेम पडणं वेगळं. माऊस फिरवून इकडेतिकडे पाहा. आपलं पाहणं गुळगुळीत आहे, पण समोरचे खेळाडू उड्या मारत सरकताहेत, तर दोष बहुधा नेटचा. आपली मान वळवतानाच चित्र अडखळत असेल, तर प्रश्न घरातल्या पेटीचा.

आधी वही, मग स्क्रूड्रायव्हर

भाच्यानं तोवर काय काय करून पाहिलं होतं? ड्रायव्हर बदलला, गेम पुन्हा टाकला, सगळ्या सेटिंग खाली आणल्या, आणि हे सगळं एकाच दुपारी. त्यामुळे कशानं काय झालं, ते त्यालाही सांगता येईना. मी म्हटलं, "आज काहीही बदलायचं नाही. फक्त लिहायचं. किती वाजता सुरू केलं आणि किती वाजता अडकलं."

ज्या गावात सावलीवरून वेळ मोजणारी यंत्रं उभी आहेत, तिथल्या मुलाला 'आधी वेळ लिही' सांगताना मला जरा मजा वाटली. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधलेली उज्जैनची वेधशाळा पुढे मोडकळीला आली होती. शिंदे संस्थानानं १९२३ साली तिची दुरुस्ती केली, ती गोविंद सदाशिव आपटे या आपल्या मराठी ज्योतिर्विदांच्या आग्रहावरून. शाळेच्या सहलीत भाच्यानं ती यंत्रं पाहिली होती. तिथे आधी वेध, मग गणित. आपणही तोच क्रम ठेवू, म्हटलं.

मोजायला फार काही लागत नाही. विंडोजमध्ये 'विंडोज' आणि 'जी' ही बटणं एकत्र दाबली की गेम बार उघडतो. त्यात कामगिरीची चौकट असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबलं की टास्क मॅनेजर येतो. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत एफ३ दाबलं की फ्रेमचा आकडा तिथेच दिसतो. तापमानासाठी एचडब्ल्यूइन्फो हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम टाकला.

संध्याकाळी वहीत असं उतरलं. सुरुवातीला फ्रेम ९०, प्रोसेसरचा वेग ४.० गिगाहर्ट्‌झ. दहा मिनिटांनी ८८. अठराव्या मिनिटाला ४१. पंचविसाव्या मिनिटाला २७, आणि प्रोसेसरचा वेग १.८! त्याच टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा मूळ वेग २.९ लिहिलेला होता. काम जोरात चालू असताना वेग मूळ आकड्याच्याही खाली जातो, याचा सरळ अर्थ कुणीतरी त्याला आवरून धरतंय. तापमान पाहिलं: प्रोसेसर १०० अंश. ज्याला दुकानदारानं 'गेलं' म्हटलं होतं, ते ग्राफिक्स कार्ड मात्र ६६ अंशांवर निवांत बसलेलं.

प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. हा बिघाड नाही, ती त्याची सुरक्षा आहे. आणि माइनक्राफ्टसारख्या गेममध्ये बराच भार प्रोसेसरवर असतो. नवं कार्ड आणलं असतं, तरी वीस मिनिटांनी तीच बैलगाडी.

पेटीत काय सापडलं

कॉम्प्युटरची पेटी टेबलाच्या बंद कप्प्यात, भिंतीला चिकटून. वर आजींनी हौसेनं विणलेलं क्रोशाचं कव्हर. धूळ बसू नये म्हणून! शेजारच्या कोनाड्यात देव, म्हणजे सकाळ-संध्याकाळ उदबत्ती. बाहेर सिंहस्थ २०२८ च्या तयारीसाठी रस्त्यांची कामं, म्हणजे धूळच धूळ. आणि उज्जैनचा मे महिना, पारा चाळिशीच्या पुढे. पंखा आत ओढणार ती हवाच तापलेली.

वायर काढून, झाकण उघडून पाहिलं तर प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीची जाडसर गादी. उदबत्तीच्या धुरानं चिकट झालेली. बाल्कनीत नेऊन मऊ ब्रश आणि ब्लोअरनं साफ केली. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं, नाहीतर ते वेड्यासारखं फिरून खराब होऊ शकतं. पंखा काढल्यावर आतली थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली दिसली. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून वाटाण्याच्या दाण्याएवढी नवीन लावली. ट्यूब तीनशे रुपयांच्या आत मिळाली. पेटी कप्प्यातून बाहेर काढून भिंतीपासून वीतभर दूर ठेवली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वही. चाळीस मिनिटं झाली तरी फ्रेम ८५ च्या खाली गेली नाही, तापमान ७८.

तुमच्याकडे कधी अडकते?

प्रत्येक घरी गरमीच असेल असं नाही. म्हणून वहीतली वेळ कशाकडे बोट दाखवते, ते थोडक्यात सांगतो.

पंधरा-वीस मिनिटांनी पडते आणि मग पडलेलीच राहते: उष्णता. लॅपटॉप असेल तर तो गादीवर, उशीवर ठेवून खेळू नका. खालची जाळी बंद होते.

मध्येच झटका येतो आणि लगेच सुरळीत होतं: मागे कुणीतरी काम करतंय. विंडोजचं अपडेट, अँटिव्हायरसची तपासणी, ब्राउझरचे वीस टॅब. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी आणि डिस्कचे रकाने पाहा. मेमरी काठोकाठ भरली असेल, तर कॉम्प्युटर डिस्कवरून उसनवारी करतो आणि तिथे अडकतो.

गेमचं किंवा ड्रायव्हरचं अपडेट झाल्यावर पहिली काही मिनिटंच अडकते: पुष्कळ गेम तेव्हा आपले शेडर नव्यानं तयार करत असतात. थोडं खेळू द्या, आपोआप थांबेल. चार दिवसांनीही थांबलं नाही, तर डिव्हाइस मॅनेजरमधून आधीच्या ड्रायव्हरवर परत जा.

सुरुवातीपासूनच कमी आणि लॅपटॉप चार्जरला लावलेला नाही: बॅटरीवर लॅपटॉप मुद्दाम ताकद कमी करतो. चार्जर लावूनही तेच, तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्स या भागात जाऊन गेमला 'हाय परफॉर्मन्स' निवडा. कधी कधी गेम चुकून साध्या, अंगभूत चिपवर चालत असतो. डेस्कटॉप असेल तर मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच लावली आहे ना, तेही वाकून पाहा. हसू नका, दिवाळीच्या साफसफाईनंतर हे हमखास होतं.

गेममधल्या एकाच जागी पडते: त्या जागी गर्दी फार आहे. सावल्या आणि किती लांबचं दिसावं ही सेटिंग एक पायरी खाली आणा.

कॉम्प्युटर भिंतीवरच्या बटणानं बंद केला की दर वेळी तारीख चुकते आणि वेगही मंदावलाय: मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपली. ती संपली की बायोसमधल्या सेटिंग पुसल्या जातात आणि रॅम कमी वेगावर येते. बॅटरी काही रुपयांची असते. बदलल्यावर बायोसमध्ये जाऊन रॅमचा वेग पुन्हा निवडायचा.

यातलं काहीही करताना एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर तोच गेम, तीच जागा, तेवढाच वेळ खेळून आकडा लिहा. आधी फुकटचे उपाय, मग शे-दोनशेचे. हजारांचा उपाय वहीनं सांगितला तरच.

आणि आमच्या घरचं

भाऊजींनी वही हातात घेऊन नीट पाहिली. बँकेत नोकरी झालेला माणूस. रकाने आणि आकडे दिसले की त्यांना बरं वाटतं. "हे तू लिहिलंस?" त्यांनी विचारलं. भाच्यानं मान डोलावली. मग ठरलं: रविवार संध्याकाळ वाड्याची, बाकी सहा दिवस दहावीचे. दोन्ही पक्षांना मान्य.

आजींना मात्र कव्हर काढल्याचं वाईट वाटलं. त्यांना समजावलं, "आजी, चालू असताना त्यालाही उकडतं. बंद केल्यावर घाला हवं तर." आता रात्री नऊला खेळ संपला की पेटी गार व्हायची वाट पाहून आजी स्वतः कव्हर घालतात आणि मगच झोपायला जातात.

मागच्या रविवारी माजघर झालं. आजींनी बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "इथे एक खुंटी होती. तुमच्या आजोबांची टोपी असायची तिथे." पुण्याच्या नातवानं तिकडून लगेच खुंटी ठोकली.